तेलवाली आत्याबाई

तुमसर घ्या की पवनी, लेक बाळंतपणाला माहेरी आली की तिच्यामागोमाग आत्याबाई येते. तिला बोलवावं लागत नाही. एसटीतून उतरताना हातात एक पिशवी. पिशवीत दोन लुगडी, पानाचा डबा आणि तीन बाटल्या. एका बाटलीवर खोकल्याच्या औषधाचं नाव, दुसरीवर चक्क फिनेल. आत मात्र तेल. आत्याबाईला वाचता येत नाही असं नाही, छापलेल्या अक्षरावर तिचा विश्वास नाही एवढंच.

"पोट दाखव व पोरी," हा तिचा रामराम.

मग रोवणीच्या आधी धानाची बांधी पाहावी तसं ती ते पोट चारही अंगांनी पाहते. "अजून नाही पडल्या भेगा. पडतीन. काही लावतेस का नाही?"

"क्रीम लावते ना आत्या. यांनी नागपूरहून आणली. कोकोआ बटरची."

आत्याबाई डबी नाकाशी नेते. "हे तं चॉकलेट होय व! लावतेस का खातेस?"

तिथून डबी जी फडताळावर जाते ती जाते. दुपारी जवसाचं तेल, म्हणजे धान उभं असतानाच बांधीत फेकलेल्या जवसाचं, घाण्यावर स्वतः उभं राहून काढवलेलं. दुकानातलं चालत नाही. दुकानदार काय मिसळते कोण जाणे! रात्री मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. ते थंडीत तुपासारखं थिजतं, म्हणून कोमट करायचं, आणि तेही पितळेच्या वाटीत. भंडाऱ्याच्या पितळेची कीर्ती जुनी, पण स्टीलच्या वाटीत तेलाचा गुण मरतो हा शोध आत्याबाईचा. तिसऱ्या बाटलीत काय आहे ते ती सांगत नाही. त्या बाटलीला वास नाही, रंग नाही, आणि ती कधी संपतही नाही. मला तर पाण्याचाच संशय आहे.

छातीत जळजळ झाली, पोटाला खाज सुटली, की आत्याबाई खुशीत येते. "लेकराले केस फुटून रायले. जावळ दाट राहीन पाय."

हे तिचं मत गावठी म्हणून हसण्यावारी नेऊ नका. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात सातव्या महिन्याचं वर्णन आहे. गर्भाला केस येतात म्हणून आईला जळजळ होते असं बायका म्हणतात, अशी तिथे नोंद आहे, आणि लगेच आत्रेय ऋषींचा निर्वाळाही: तसं नाही. गर्भाच्या दाबानं वात, पित्त, कफ वर ढकलले जातात, त्यानं जळजळ, जळजळीतून खाज आणि खाजेतून 'किक्किस', म्हणजे याच त्या भेगा. उपाय म्हणून चंदन आणि कमळाच्या देठांचा लेप सांगितलाय, औषधी लोणी सांगितलंय, आणि खाजवू नका असं बजावलंय. अगदीच सहन होईना तर चोळा. ऋषींनी बायकांचा दावा फेटाळला त्याला दीड-दोन हजार वर्षं तरी झाली असतील. निकालाची प्रत आत्याबाईपर्यंत अजून पोचायची आहे.

आजचे डॉक्टर तर चंदन, जवस आणि चॉकलेट यांना एकाच रांगेत बसवतात. कातडीच्या आतल्या थरातले धागे ताणानं तुटतात. वरून चोळलेलं तेल तिथवर जात नाही. २०१२ साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी ६ चाचण्या, ८०० बायका एवढा पसारा तपासला, आणि अमुक लावलं म्हणजे रेघा टळतात याचा भक्कम पुरावा काही हाती लागला नाही. तेल-क्रीमनं कातडी मऊ राहते, खाज कमी होते, इतपत खरं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं हे आपल्या पद्धतीनं सांगितलं. वजन एकदम वाढू देऊ नको, दहा-बारा किलो ठीक. दुकानातलं रेटिनॉलवालं काही लावू नको. बाकी बरंचसं आईकडून येतं. "तुझ्या आईच्या पोटावर आहेत का?"

घरी येऊन पोरीनं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांच्या नजरा तिच्या आईकडे, म्हणजे आत्याबाईच्या वहिनीकडे. वहिनीच्या पोटावर भरपूर रेघा आहेत, आणि तिच्या दोन्ही बाळंतपणांत ज्या बाईनं तिला तेल चोळलं ती समोरच बसून पान लावत होती.

दुसरं कोणी असतं तर विषय बदलला असता. आत्याबाईनं आधी चुना नीट पसरला.

"मी सांगत होतो का नाही वहिनी तुमाले, नखं नोका लावू म्हणून? लावली ना तुमी रात्रीची?"

आता पंचवीस वर्षांपूर्वी झोपेत आपण पोट खाजवलं की नाही, हे कोणती बाई शपथेवर सांगेल? वहिनी गप्प. तेलाची अब्रू वाचली. असा वकील गावात दुसरा नाही: रेघा नाही आल्या तर तेलाचा गुण, आल्या तर नखांचा दोष.

पोरगी हट्टी. "आत्या, तुमचं पोट दाखवा बरं."

"मले कोणी लावलं तेल? आठव्या महिन्यात बांधीत वाकून परे रोवत होतो मी. कूस बदल."

आणि पोरगी कूस बदलते. क्रीम चोळायला नवऱ्याला रोज आठवण करून द्यावी लागायची. इथे हात न मागता येतो, खाज सुटलेली नेमकी जागा न सांगता सापडते, आणि चोळता चोळता सगळ्या गावाच्या बाळंतपणांच्या भानगडी ऐकायला मिळतात. मला विचाराल तर आत्याबाईच्या औषधातला लागू पडणारा भाग हाच. तो बाटलीत भरता येत नाही.

बाळ झालं. जावळ विरळ. बेंबीखाली पाच-सहा लालसर रेघा निघाल्या. आत्याबाईनं बोटानं मोजल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाय, तेल नसतं लावलं तं पन्नास पडल्या असत्या."

वर्षभरात त्या फिकट पडून रुपेरी होतील, बहुतेकींच्या होतातच. त्याचंही श्रेय कुठे जमा होणार हे ठरलेलं आहे. सव्वा महिन्यानं ती निघाली तेव्हा पिशवीत कोकोआ बटरची डबी होती.

"आत्या, ती तं चॉकलेट होय ना?"

"टाचेले लावतो व. टाचेच्या भेगाले लय चांगली होय."