हस्तलिखितं, नाणी आणि स्फोटकं

'भारत गृह रक्षा' हे नाव ऐकलं की छाती थोडी फुगतेच. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१पासून कंपन्यांना सक्तीनं विकायला लावलेली ही घरविम्याची पॉलिसी. पण नाव असं, की हाती घेतल्यावर आपण सीमेवर निघालोय असं वाटावं. ती घेतल्यापासून चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीत मी जरा ताठ चालू लागलो. इमारतीत एवढा दूरदर्शी माणूस दुसरा नाही हे मला आधीपासून ठाऊक होतं, आता त्याला कागदाचा आधार मिळाला. शिवाय मी पॉलिसी वाचणारा माणूस आहे. वाचायची तर ती ऐकायलाही कोणी हवं, म्हणून वरच्या मजल्यावरच्या मामांना बोलावलं. मामा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, आणि आकडा दिसला की कॉफी विसरणारे.

आमच्या फ्लॅटची किंमत मी पाहुण्यांना एक कोटी सांगतो. पार्थसारथीचं देऊळ जवळ, मरीनाचं वारं फुकट. पॉलिसीत मात्र १५ लाख! चटई क्षेत्र ६०० चौरस फूट, बांधकामाचा दर फुटाला २,५०० रुपये. गुणाकार मामांनी तोंडीच केला. जमीन जळत नाही, तेव्हा तिचा विमा नाही. देवाच्या शेजाराचा तर नाहीच नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप, तेही फार तर १० लाख. म्हणजे आमच्या वाट्याला तीन लाख. दागिने, चांदी, कलाकृती यांची वेगळी नोंद करायची आणि वेगळा हप्ता भरायचा. सगळं मिळून पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखलासुद्धा लागत नाही. हे ऐकल्यावर आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला.

चोरीचं कलम मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. साधी घरफोडी यात नाहीच, ती वेगळी विकत घ्यायची. इथे आधी आग, पूर, वादळ असं विम्यात बसणारं काहीतरी घडलं पाहिजे, त्यापायीच चोरी झाली पाहिजे, आणि तीही सात दिवसांच्या आत. म्हणजे डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या मिचाँगसारखं वादळ यावं, आणि चोरानं आठवडाभरात उरकून घ्यावं. आठव्या दिवशी येणारा चोर हा आमचा खासगी प्रश्न.

हे सगळं मी सोसलं. पण पुढे, काय भरून मिळणार नाही याची यादी होती: सोन्याच्या लगडी, न जडवलेली रत्नं, हस्तलिखितं, आराखडे, रोखे, कसलीही कागदपत्रं, नाणी, नोटा, धनादेश, वाहनं आणि स्फोटक पदार्थ. पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतलं असेल तरच अपवाद. हस्तलिखितं! रत्नांच्या शेजारी! आधी मला अभिमानच वाटला. माझी कादंबरी पलंगाखालच्या ट्रंकेत आहे. ती अप्रकाशित आहे, याला मराठीतले प्रकाशक जबाबदार आहेत. आमच्या गल्लीत मात्र लेखक म्हणून माझा दबदबा आहे, कारण गल्लीत मराठी कोणालाच वाचता येत नाही.

मामा मात्र भडकले. "सार, हे असलं कलम आमच्या तिरुवल्लिकेणीत वाचताय?" आणि ते उ. वे. स्वामिनाथ अय्यरांकडे वळले. त्यांना तमिळ लोक 'तमिळ तात्ता' म्हणतात, आणि त्या आजोबांबद्दल मामा बोलू लागले की थांबवण्यात अर्थ नसतो. जुनी तमिळ ताडपत्रं मिळवायला हे आजोबा गावोगाव हिंडले. कुठे वाळवी आधी पोचलेली, तर कुठे आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी घरच्यांनी पुण्य म्हणून पोथ्या नदीच्या पुरात सोडलेल्या. जी हाती लागली ती ताडपत्रं ताडून, पाठ जुळवून त्यांनी १८८७मध्ये 'जीवक चिंतामणी' छापली, १८९२मध्ये 'शिलप्पदिकारम', १८९४मध्ये 'पुरनानूरु'. संगमकाळातलं प्राचीन तमिळ काव्य लोकांच्या हाती पुन्हा आलं, त्यात या माणसाच्या पायपिटीचा वाटा फार मोठा. इथेच, तिरुवट्टीश्वरनपेट्टैत, त्यांचं 'त्यागराज विलासम' हे घर होतं. लोकांनी ओरड केली, तरी २०१२मध्ये ते पाडलं गेलं. ताडपत्रं बेसंत नगरातल्या त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात आहेत.

"म्हणजे बघा," मामा म्हणाले, "पडली ती भिंत, आणि विमा भिंतीचाच."

यावर मला बोलता आलं नाही. आमच्या ट्रंकेत कादंबरीखाली माझ्या वडिलांची पत्रं आहेत. मद्रासला बदली झाल्यावर पुण्याला आईला लिहिलेली: भाड्याची खोली, न कळणारी भाषा, रसमनं भाजलेली जीभ, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी पगार वाढला की तुला आणतो. 'कसलीही कागदपत्रं' यात ती बसतात. २०१५च्या डिसेंबरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, तेव्हा मी कादंबरी माळ्यावर टाकली. पत्रं उचलली ती बायकोनं. तिनं हे अजून मला ऐकवलेलं नाही, आणि तेच जास्त लागतं.

तरी मी विमा एजंटाला बोलावलंच. अपवाद स्पष्ट लिहून घ्यायचा होता. मुलगा सज्जन, फॉर्म काढून म्हणाला, "मार्केट व्हॅल्यू किती, सार?"

"अमूल्य."

"आकडा लागतो, सार."

मग त्यानं आगीच्या विम्यातली जुनी पद्धत समजावली. हस्तलिखिताची किंमत म्हणजे कोऱ्या कागदाची किंमत आणि ते पुन्हा नकलून काढायची कारकुनी मजुरी. आतल्या मजकुराचं काही धरत नाहीत. माझ्या कादंबरीवर इतकं नेमकं आजवर कोणी बोललं नव्हतं.

"अहो, माझ्या बांगड्या तेवढ्या लिहून घ्या," आतून आवाज आला. त्या लिहिल्या गेल्या.

तेव्हा घरविमा असेल त्यांनी रक्कम छापलेलं पहिलं पान सोडावं आणि काय मिळणार नाही ते पान आधी वाचावं. दागिने वेगळे नोंदवावेत, घरफोडीचं वेगळं विचारावं, आणि घरात जुनी पत्रं असतील तर त्यांचे आजच फोटो काढून दुसऱ्या गावी कोणाकडे तरी पाठवावेत. वडिलांच्या पत्रांचे आम्ही मुलीकडे पाठवले. कादंबरीचे अजून राहिलेत. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो. प्रकाशकांनी कृपया त्याआधी कळवावं.