‘समता’ला प्रवेश नाही

रायपूरच्या समता कॉलोनीपासून एनआयटी काही लांब नाही. १९५६ साली ते खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज म्हणून सुरू झालं, २००५ साली एनआयटी झालं. खाणकाम मात्र अजून जोरात आहे. आधी जमीन उकरायचे, आता पोरं परक्याचा कोड उकरतात. लॉगिन पाहिजे, उचल. मेनू पाहिजे, उचल. पूर्वी स्टॅक ओव्हरफ्लोवरून, आता चॅटजीपीटीकडून. आणि ही सवय काही एकट्या रायपूरची नाही. मार्च २०१६ मध्ये एका चिडलेल्या प्रोग्रॅमरनं ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा आपला कोड एनपीएम या सार्वजनिक कोड-भांडारातून काढून घेतला, तर जगभरातल्या डेव्हलपरांची कामं अडली. कोड किती? अकरा ओळी. काम काय? मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या!

तेव्हा उचला, खुशाल उचला. फक्त चिकटवण्याआधी एकदा वाचा, एवढंच मागणं आहे. तेही फार होतं म्हणा.

कुठलाही फॉर्म घ्या. नावाच्या रकान्यावर उसना नियम बसवलेला असतो: ए ते झेड, बाकी कोणी नाही. मराठी घरातल्या आजोबांनी देवनागरीत नाव लिहिलं की खाली लाल अक्षरं उमटतात, ‘कृपया वैध नाम दर्ज करें’. बारशापासून चालत आलेलं नाव एका क्षणात अवैध. तक्रार केली की फॉर्म बनवणारा पोरगा म्हणतो, “हो जाएगा, अंकल.” आणि दुसरीकडून कोडचा दुसरा तुकडा आणतो: अ ते ह.

हा तुकडा फार लोकप्रिय आहे आणि फार वाईट आहे. अ ते ह यांत अक्षरं येतात, मात्रा येत नाहीत. युनिकोडच्या तक्त्यात काना, वेलांटी, उकार, हलन्त हे सगळे ‘ह’च्या पुढे बसलेत. त्यामुळे भगत आत येतात, परब आत येतात, मदन आणि रमण आत येतात. काळे, जोशी, देशपांडे बाहेर. राहत्या पत्त्यात तर ‘समता’ लिहिता येत नाही, कारण तिच्या शेवटी काना आहे. कॉलोनीचं तर विचारूच नका.

मग कोणीतरी हुशार पोरगा नवा मंत्र आणतो. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ पासून ‘कुठल्याही लिपीतलं अक्षर’ असं एका खुणेत सांगता येतं: उलटी तिरकी रेघ, पी, महिरपी कंसात एल. छान. पण एल म्हणजे अक्षर, आणि काना-मात्रा युनिकोडच्या हिशेबात अक्षर नव्हेत, चिन्हं आहेत. त्यांच्यासाठी शेजारी एम लावावा लागतो, आणि शेवटी यू. एल, एम, यू, एवढ्यानं देशपांडे घरात येतात. हा एम बहुतेकांकडून राहतो, कारण ज्यानं मूळ तुकडा लिहिला त्याच्या नावात काना नव्हता.

त्यातून वऱ्हाडपांड्यांचं काय होतं ते पाहा. हा ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकतर खाली टिंब दिल्यासारख्या दिसणाऱ्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, नाहीतर साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळी माणसं. वडिलांची नोंद एका ‘ऱ्ह’नं, मुलाची दुसऱ्यानं, शोधायला गेलं की एकच सापडतो. आणि तो न दिसणारा जोडक एलमध्येही नाही, एममध्येही नाही. त्याला दारातूनच परत पाठवतात.

१७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत इथे छत्तीसगडात रतनपुरावर चालून आले, तेव्हा ‘ळ’ आणि ‘ऱ्ह’ दोन्ही सोबत आणले असणार. १८५४ मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं, पण ‘ळ’ खालसा करावा असं त्याच्याही डोक्यात आलं नाही. ते काम ‘रोमनमध्ये टाइप करा, आपोआप हिंदी होईल’ या फुकटच्या तुकड्यानं केलं. काळ्यांचं ‘काले’ झालं, आणि ‘इधर सब काले ही लिखते हैं’ हा त्यावर पुरावा.

वेबपानाच्या कोडची सुरुवातच पाहा. तिथे भाषा सांगायची असते. उचललेल्या सांगाड्यात ‘ईएन’ असतं, आणि रायपूरचा पोरगा फारच जागरूक असला तर ‘एचआय’ करतो. मराठी मजकुरासाठी ‘एमआर’ लागतं, दोनच अक्षरं. त्यानं फरक पडतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे, पण युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच. कुठलं वळण काढायचं हे फाँटला कळतं ते त्या दोन अक्षरांवरून, अर्थात फाँटमध्ये ती सोय असेल तर. टिरो या फाँट बनवणाऱ्या मंडळींनी तर ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँटच वेगळा करून फुकट ठेवलाय.

पानाच्या सजावटीची, म्हणजे सीएसएसची, कथा थोडक्यात. इंग्रजी मथळा ऐटबाज दिसावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवणारी ओळ असते. ती देवनागरीवर पडली की शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळींची उंची एक पूर्णांक दोन ठेवून वरचं कापलं की रफार आणि वेलांटीची डोकी उडतात. डेटाबेसचंही तसंच. मायएसक्यूएलनं आपली मूळ सेटिंग ‘लॅटिन-वन’वरून ‘यूटीएफ-एट-एमबी-फोर’वर नेली ती २०१८ च्या आठव्या आवृत्तीत. जुनी सेटिंग उचलणाऱ्यांकडे अख्खी वंशावळ प्रश्नचिन्हांत जपलेली असते. आणि गिटमध्ये देवनागरी नावाची फाइल ‘३४०, २४४’ अशा आकड्यांत दिसली तर घाबरू नका, ‘कोअर डॉट कोटपाथ’ फॉल्स करा, नाव परत दिसेल. ही एक ओळ मात्र न वाचता उचलली तरी चालेल.

आता गंमत अशी की, पोरांना हटकणारा एक पहारेकरी आहे. एस्लिंट या कोड तपासणाऱ्या साधनात २०१९ पासून शिफारशीच्या नियमांत एक नियम बसलाय: चौकटी कंसात अक्षराला चिकटून मात्रा लिहिली तर तो थांबवतो, सांगतो की या दोघांना मी वेगवेगळं वाचणार आहे, तुला नक्की हेच हवंय का? कोणीतरी, कुठेतरी, काना-मात्रेचा विचार करून हा प्रश्न लिहून ठेवलाय. परवा एका पोराच्या पडद्यावर मी तो शोधला. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत होतं, ‘एस्लिंट-डिसेबल’. तीही उचललेलीच.