काटकसरीचा किरण

घरच्या घरी लेझर कटर बनवणारा गृहस्थ ओळखायला सोपा असतो. बोटाला सोल्डरिंगचा चटका, खिशात षटकोनी पाना, आणि ‘तयार मशीन का नाही घेतलं?’ असं कुणी विचारलं तर सातबारा नावावर करून मागितल्यासारखी नजर. ‘अहो, विकत कशाला? जुन्या डीव्हीडी रायटरमध्ये सगळं असतं!’ हे त्याचं म्हणणं खोटं नाही. त्या डब्यात स्टेपर मोटर असते, रूळ असतो, तांबडा लेझर डायोडही असतो. असे दोन डबे काटकोनात बसवले की यंत्र तयार. फक्त त्या रुळाची धाव साधारण चार सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीचं चित्रही पुरतं बसत नाही. मग ‘आता जरा मोठं करू’ म्हणून पुण्यातला तापकीर गल्लीकडे वळतो, मुंबईतला लॅमिंग्टन रोडकडे, आणि स्वस्ताईचा विषय तिथेच संपतो. बोलण्यात मात्र ती पुढे कैक वर्षं टिकते.

ती का टिकते, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरात चाळिशीच्या माणसाला खेळायला परवानगी नाही, पैसे वाचवायला आहे. त्यामुळे ज्याला खेळायचंय त्याने ‘वाचवतोय’ म्हणायचं, हा अलिखित करार. पुरावा हवा असेल तर घरखर्चाची वही पाहावी. कोथिंबिरीची जुडी तिथे रुपयानिशी सापडते. नेमा सतरा मोटरी, तांबड्याच्या जागी आलेला निळा लेझर डायोड, दातेरी पट्टा, अर्डुइनो, अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन आणि पहिल्याच दिवशी जळालेला ड्रायव्हर हे सगळं मात्र ‘किरकोळ’ या एका शब्दाखाली गाडलेलं असतं. खऱ्या काटकसरी माणसाला बेरजेची भीती वाटत नाही. हा गृहस्थ बेरीजच करत नाही. यंत्र चालवणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर खरोखरच फुकट आहे, आणि तो ‘फुकट’ हा शब्द असा उच्चारतो की बाकीचा सगळा खर्च त्यात धुऊन निघावा.

गणितात तो कच्चा आहे असंही नाही. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, प्रत्येक पावलाचे १६ भाग, म्हणजे ३२००. वीस दातांची पुली आणि दोन मिलिमीटर अंतराचे दाते, म्हणजे फेऱ्याला ४० मिलिमीटर. म्हणून एका मिलिमीटरला ८० पावलं. हे तो लिफ्टच्या दोन मजल्यांत सांगून संपवतो. मग पहिला चौरस कापतो, आणि त्याचे कर्ण एकमेकांशी तीन मिलिमीटरनी भांडतात. कारण फ्रेम गुण्यात नाही. हे कोपऱ्यावरच्या सुताराने लांबूनच सांगितलं असतं, पण सुताराला विचारणं यंत्रयुगात बसत नाही.

कुणी म्हणेल, नावाची पाटी हवी तर बोर्डवाल्याकडे मिनिटाच्या भावाने कापून मिळते. मिळते, आणि चांगली मिळते. पण हा आक्षेप पाटी हवी असलेल्या माणसाला लागू होतो. याला पाटी नकोच असते. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची कबूल केलेली पाटी होत नाही, कारण निळा किरण त्यातून काचेतून जावा तसा आरपार जातो. ते कापायला कार्बन डायऑक्साइड लेझर लागतो. तो शोधला कुमार पटेल यांनी, १९६४ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातलं. हे कळल्यापासून आपल्या गृहस्थाला हा उद्योग म्हणजे घराण्याची परंपराच वाटू लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: यातून तो शिकतो की! शिकतोच. रेक्झिन कापू नये, त्यातल्या पीव्हीसीचा आम्लधर्मी धूर फुप्फुसालाही खातो आणि रुळालाही, हे त्याला पाठ असतं. पण मग ‘मी शिकतोय’ असं उघड म्हणायला काय हरकत आहे?

हरकत असो वा नसो, न म्हणण्यात धोका आहे. रोज सांगितलेली सबब हळूहळू स्वतःलाच पटते, आणि वाचवायला तो नेमकी चुकीची जागा शोधतो. भिंगावर पैसे घालतो, धूर ओढणाऱ्या पंख्यावर घालतो, आणि डोळ्यांवर मात्र डायोडसोबत फुकट आलेला, कसलाही आकडा न छापलेला चष्मा. चकचकीत स्क्रूवरून उडालेला काही वॉटचा किरण पापणी मिटायची वाट पाहत नाही. नजर त्याआधीच गेलेली असते. चष्मा त्याच तरंगलांबीचा, ४५० नॅनोमीटरला चालणारा लागतो आणि यंत्राला झाकण लागतं. इथे विनोद करण्यासारखं काही नाही.

बऱ्याच घरांत तो चष्मा शेवटी बायको मागवते. दोन मागवते, कारण पोरगंही तिथेच घुटमळत असतं. आणि वहीत तो खर्च ती ‘किरकोळ’मध्ये लिहीत नाही, ‘औषधपाणी’खाली लिहिते.