पाच आठवड्यांनो, भाडं कोण भरणार?

युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीचा अर्ज आणि पहिला पैसा यांच्या मधे ठाण मांडून बसलेल्या पाच आठवड्यांनो,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ने करायची आपली रीत. तुम्हाला तो घालणार नाही. ब्रिटनमधल्या लाखो घरांत तुम्ही न बोलावता शिरलात, आणि कित्येक घरांतून निघताना मागे भाड्याची थकबाकी ठेवून गेलात. अशा पाहुण्याला कुणी नमस्कार करत नाही, जाब विचारतात. तोच विचारते.

तुम्ही उन्हाळ्या-पावसाळ्यासारखे आपोआप आलेले नाही. २०१२च्या कायद्याने सहा जुन्या मदती मोडून एकच मदत उभी करायचं ठरवलं आणि एप्रिल २०१३मध्ये मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइनमध्ये ती सुरू झाली. इयान डंकन स्मिथ तेव्हा या मदतीच्या खात्याचे मंत्री होते. पैसे महिन्यातून एकदाच, तेही महिना उलटल्यावर द्यायचे, म्हणजे लोकांना पगारासारखा संसार चालवायची सवय लागेल, असा सरकारचा युक्तिवाद होता. एक महिना हिशेबाचा आणि वर सात दिवस पैसे पोचायचे. झालात तुम्ही पाच. ज्याच्या खात्यात महिनाभर पुरेल एवढी शिल्लक आहे त्यालाच सुचावी अशी ही आखणी. तेवढी शिल्लक असती तर माणूस सरकारच्या दारात आला असता कशाला?

आणि तुम्ही अटळ आहात हेही खोटं. एके काळी बहुतेकांच्या वाट्याला तुम्ही सहा येत होतात. सुरुवातीचे सात दिवस कोणताही पैसा न मोजण्याची अट फेब्रुवारी २०१८मध्ये रद्द झाली आणि तुमच्यातला एक गेला. त्यामुळे राज्यकारभार थांबला नाही. मग उरलेले पाच कोणत्या हक्काने बसला आहात?

माझा सगळ्यात मोठा राग मात्र वेगळ्या गोष्टीचा आहे. नव्याने मदत मागायला आलेल्या माणसाची चौकशी करायला वेळ लागतो, हे एक वेळ समजू शकते. पण मे २०२२मध्ये बोल्टन आणि मेडवेपासून ज्यांना जुन्या मदतीतून या नव्या योजनेत जाण्याच्या सूचना जाऊ लागल्या, ते लोक नवे नव्हते. त्यांना टॅक्स क्रेडिट मिळत होतं, आजारपणाचा भत्ता मिळत होता, घरभाड्याची मदत मिळत होती. त्यांचं उत्पन्न, त्यांचं दुखणं, त्यांची मुलंबाळं सगळं सरकारदरबारी नोंदलेलं होतं. योजना बदलायचं ठरवलं सरकारने, टॅक्स क्रेडिट ५ एप्रिल २०२५ला कायमचं बंद केलं सरकारने, आणि ‘तीन महिन्यांत नवा अर्ज करा’ असं पत्र धाडलं तेही सरकारनेच. या सगळ्यात त्या माणसाने काय केलं? तो गरीब होता आणि त्याने पत्र उघडलं. एवढ्यासाठी तुम्ही त्याच्या मानगुटीवर बसलात.

आता भाड्याचा हिशेब करू. समजा, आठवड्याला १०० पौंड भाडं आहे आणि ते दर सोमवारी द्यायचं आहे. जुनी भाडेमदत दोन आठवडे जास्तीची मिळते आणि ती परत करावी लागत नाही. हे चांगलं आहे, मान्य करते. उरलेल्या तीन सोमवारी काय? ‘आगाऊ रक्कम घ्या,’ असं सांगतात. ती रक्कम म्हणजे कर्ज. पुढच्या चोवीस महिन्यांपर्यंत ती घेणाऱ्याच्याच मदतीतून दरमहा कापली जाते. तुम्ही पाच आठवडे राहता आणि तुमच्या राहण्याचा खर्च यजमान दोन वर्षं फेडतो.

पुढेही सुटका नाही. घरभाड्याची रक्कम वर्षाचे बावन्न आठवडे धरून बारा महिन्यांत वाटतात, म्हणजे महिन्याला ४३३ पौंड ३३ पेन्स. ज्या महिन्यात पाच सोमवार येतात त्या महिन्यात घरमालक मात्र ५०० मागतो. ज्या वर्षी त्रेपन्न सोमवार येतात, त्या वर्षी एका आठवड्याचं भाडं कुणाच्याच हिशेबात नसतं. ते भाडेकरूच्या जेवणातून जातं.

त्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर? नवऱ्याला अर्धांगवायू झाला आहे, त्याला उठवणं, न्हाऊ घालणं, औषधं देणं, रात्री दोनदा कूस बदलणं बायकोकडे आहे. आठवड्याला किमान ३५ तास अशी काळजी घेणाऱ्याला २०२५-२६मध्ये आठवड्याला ८३ पौंड ३० पेन्सचा केअरर्स अलाउन्स होता. पण ती युनिव्हर्सल क्रेडिटवर असेल तर हा अलाउन्स तिचं उत्पन्न धरून पूर्णच्या पूर्ण वजा होतो, आणि त्याऐवजी काळजीवाहकाचा वाटा मिळवला जातो; २०२५-२६मध्ये तो महिन्याला २०१ पौंड ६८ पेन्स होता. म्हणजे तिच्या हाती खरी भर पडते ती तेवढीच. तासांनी भागून पाहिलं तर एक पौंड तेहतीस पेन्स. त्याच वर्षी देशातलं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होतं. हे तिला मिळायला लागण्याआधी तुम्ही पाच जण तिला वाट पाहायला लावता. नवऱ्याची औषधाची वेळ पाच आठवडे पुढे ढकलता येते का, हे तुम्हाला जन्माला घालणाऱ्यांनी कुणाला विचारलं होतं?

बायकांच्या या कष्टाकडे डोळेझाक करण्याची सवय इथे जुनी आहे. १९७६ साली हा भत्ता वेगळ्या नावाने सुरू झाला, तेव्हा नवऱ्यासोबत राहणाऱ्या विवाहितेला तो मिळतच नसे. घरी राहून सेवा करणं हे तिचं कामच, असं गृहीत धरलं होतं. १९८६मध्ये युरोपीय न्यायालयाने ते बेकायदा ठरवल्यावर दार उघडलं. आपल्या अनेक मराठी घरांत मात्र तेच गृहीतक अजून नांदतं. सासूबाईंचं सगळं करणारी सून अर्जातला ‘तुम्ही कुणाची काळजी घेता का?’ हा प्रश्न कोरा सोडते, कारण हे कुणी मोजायचं असतं असं तिला वाटतच नाही. बायांनो, तो प्रश्न कोरा सोडू नका. सासूबाईंना अपंगत्वाचा पात्र भत्ता असेल आणि तुम्ही ३५ तास देत असाल, तर केअरर्स अलाउन्सचा अर्ज न करताही युनिव्हर्सल क्रेडिटमधला काळजीवाहकाचा वाटा मागता येतो, आणि मग ‘नोकरी शोध’ म्हणून कुणी मागे लागत नाही. मात्र सासूबाई एकट्या राहत असतील, तर त्यांच्या स्वतःच्या मदतीला त्याने कात्री लागत नाही ना, हे सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला संस्थेत आधी विचारून घ्या.

तुमचा एक साथीदारही इथे उघडा पाडायला हवा. सूचनेनुसार मुदतीत अर्ज केला आणि नवी मदत जुनीपेक्षा कमी भरली, तर फरक भरून काढणारी संक्रमण रक्कम मिळते. ऐकायला दिलासा वाटतो. पण घरभाडं वाढलं आणि त्यापोटी मदतीतला भाड्याचा वाटा वाढला, की संक्रमण रक्कम तेवढीच घटते. उद्या आई आजारी पडली, काळजीवाहकाचा वाटा नव्याने सुरू झाला, तरी ती तेवढीच घटते. भाडं वाढलं, काम वाढलं, हाती येणारा आकडा जागेवर. हे संरक्षण ज्या क्षणी लागतं, त्याच क्षणी विरघळतं.

दुसरा मार्ग नाही, असं मात्र सांगू नका. उत्तर आयर्लंडमध्ये हीच मदत साधारणपणे महिन्यातून दोनदा देतात आणि भाडं थेट घरमालकाकडे पोचवतात. स्कॉटलंडमध्ये या दोन्ही गोष्टी निवडायची मुभा आहे. एकाच राज्यात एका किनाऱ्यावर जे जमतं ते दुसऱ्यावर जमत नाही, ते कुणी ठरवलं म्हणूनच.

तेव्हा मागणी सरळ आहे, आणि ती तुमच्या धन्यांनी ऐकावी. सरकारच्या पत्रामुळे ज्याला योजना बदलावी लागते, त्याला पहिल्या महिन्याची रक्कम अर्ज केल्या केल्या द्या, कर्ज म्हणून नव्हे, हक्क म्हणून. ज्यांना आधीच कर्ज गळ्यात बांधलंत, त्यांची कपात थांबवा. भाडं आठवड्याला असेल तर आठवड्याने मोजा. भाडं किंवा काळजीचं ओझं वाढलं म्हणून संक्रमण रक्कम कापणं बंद करा. २०१८मध्ये तुमच्यातला एक गेला तो लोकांनी आवाज उठवला म्हणून. उरलेल्या पाचांनाही घालवल्याशिवाय हा आवाज थांबणार नाही.

तुमच्या निरोपाची वाट पाहणारी,
एक मराठी भाडेकरू