काढता पाय : श्वानमेळाव्याला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या घरी एक भित्रा कुत्रा आहे आणि त्याला दोनशे अनोळखी कुत्र्यांच्या गर्दीत घेऊन जायचं तुम्ही ठरवलं आहे. हा निर्णय कसा झाला, हे आम्ही विचारत नाही. बहुधा सोसायटीच्या ग्रुपवर पोस्टर आलं असेल, त्यात गॉगल घातलेला पग असेल, आणि ‘जरा चारचौघांत नेलं की सवय होईल’ असं घरात कुणीतरी म्हणालं असेल. पोहायला शिकवण्यासाठी पोराला विहिरीत ढकलून देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहेच. तिचं सगळे कौतुक करतात, कारण कौतुक करायला वर आलेलेच उरतात.

आता लेखकाची पात्रता. आमच्याकडे सहा वर्षांपासून शांताराम आहे. जात देशी, रंग तांबूस, एका कानाला नसबंदीच्या वेळची खाच. भर पावसात कर्वे रस्त्याच्या दुभाजकावर सापडला. नाव आईनं ठेवलं. नावाप्रमाणे स्वभाव होतो अशी तिची श्रद्धा. आमच्या आत्याचं नाव सुहासिनी होतं आणि तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, यावरून खरं तर आईनं बोध घ्यायला हवा होता. शांतारामला घेऊन मी आजवर सात मेळाव्यांना गेलो. सातही मिळून प्रत्यक्ष आत काढलेला वेळ एक तास दहा मिनिटं. पार्किंगचा अनुभव मात्र दांडगा आहे.

अशा कुत्र्याला ट्रेनर लोक ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणतात. शेजारी वेगळं म्हणतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो हे आपल्याला ठाऊक आहे. हा कुत्रा त्या ब्रह्मराक्षसावर आधीच भुंकून मोकळा होतो, एवढाच फरक. मोकळा असता तर तो मुकाट्यानं लांबून निघून गेला असता. पट्ट्याला बांधल्यावर पळायची सोय उरत नाही, मग दुसऱ्याला पळवणं आलं. आणि उपाय लागू पडतो! शांताराम भुंकतो, समोरचा कुत्रा निघून जातो. तो तसाही घरी जेवायला निघालेला असतो, पण आपसूक झालेल्या कामाचा फ्लेक्स लावणाऱ्या नगरसेवकासारखं शांताराम ते श्रेय स्वतःकडे घेतो आणि पुढच्या वेळी आणखी जोरात भुंकतो.

साहित्य : उकडलेलं चिकन एक मोठी वाटी, मीठ-मसाला न घालता, नखाएवढे तुकडे करून. (घरी बिस्किटावर भागतं. तिथे बिस्किटाला कोण विचारतो!) तुकडे ठेवायला कमरेची पिशवी. साधा सहा फुटी पट्टा. बटण दाबलं की शिंप्याच्या टेपसारखा आत-बाहेर होणारा नको, कारण ऐन वेळी बटण दाबायचं की सोडायचं हे आठवत नाही आणि तोवर पलीकडच्या टोकाला महायुद्ध झालेलं असतं. छातीवर कडी असलेला हार्नेस. रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्ड. पाणी, वाटी, जुनी चादर. जुनी पँट. पँटचा खुलासा पुढे येईल.

याशिवाय मुसकं. मळणीत बैलानं धान्य खाऊ नये म्हणून बांधतात ते मुसकं आपण पाहिलेलं असतं, पण कुत्र्याला दिसलं की लोकांना त्याच्यात अट्टल गुन्हेगार दिसायला लागतो. जाळीचं, पिंजऱ्यासारखं घ्यावं. त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. जबडा करकचून आवळणारं कापडी उन्हात जिवावर बेतू शकतं, कारण कुत्र्याचा सगळा कूलर त्या जिभेवरच चालतो. आधी दोन-तीन आठवडे घरी आत चिकन ठेवून त्याची ओळख करून द्यावी. या वस्तूचा एक फायदा कंपनी डब्यावर छापत नाही : मुसकं घातलेल्या कुत्र्याला गर्दी आपोआप वाट देते. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या खरेदीला जाताना ते मलाही मिळावं असं वाटून गेलेलं आहे.

युरोपात बऱ्याच ठिकाणी पट्ट्याला पिवळी रिबीन बांधलेली दिसली की माणसं समजतात, या कुत्र्याला जरा लांबून जाऊ द्यावं. मीही बांधली. पण आपल्याकडे कुत्रा आणि पिवळा रंग एकत्र आले की लोकांना पहिल्यांदा जेजुरी आठवते. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, त्यात हा भंडाऱ्याच्या रंगाची रिबीन लावून आलेला. पहिल्या दहा मिनिटांत तीन माणसं मुद्दाम वाकडी वाट करून जवळ आली, त्यातल्या एका आजींनी लांबूनच हात जोडले. ‘नवसाचा आहे का हो?’ मी हो म्हणालो. एका अर्थी आहेच.

कृती : प्रत्येक कुत्र्याला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे तो घाबरलेला असला तरी ऐकतो, बघतो, विचार करतो. पलीकडे गेला की बुद्धी बंद, तोंड चालू. हा उंबरठा फुटांत मोजायचा असतो. शांतारामला स्थिर उभा असलेला लॅब्रेडोर चाळीस फुटांवर चालतो, पंचवीसवर विचारात पाडतो आणि पंधरावर सहन होत नाही. मोजायला टेप नको, चिकन पुरतं. तुकडा ओठांनी अलगद घेतला तर ठीक. बोटांसकट ओढला तर आपण उंबऱ्यावर उभे आहोत. नाकासमोर धरलेल्या चिकनकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही तर तुम्हाला निघायला दहा मिनिटं उशीर झालेला आहे.

दुसरी गोष्ट, भीती साचत जाते. सकाळी कुकरची शिट्टी, मग लिफ्टमध्ये कुरियरवाला, मग रिक्षात बसताना मागून सायलेन्सर काढलेली बुलेट. यातल्या एकावरही तो भुंकला नाही म्हणून तुम्ही खूश. मेळाव्याच्या दारात एक निरुपद्रवी शित्झू केसांना क्लिप लावून समोर येते आणि सकाळपासूनचं सगळं बिल तिच्या नावावर फाटतं. चढलेला ताण उतरायला कधी कधी दिवसही लागतो, म्हणून दिवाळी संपल्यावरच्या पहिल्या रविवारी असले कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी एकदा कुत्रा पाळून पाहावा.

बोलण्याआधी कुत्रा बरंच काही सांगतो. झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठांवरून जीभ, समोरच्याकडे तिरकं बघताना डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अचानक जमिनीत काहीतरी अत्यंत महत्त्वाचं हुंगायला लागणं. तुरिद रुगास या नॉर्वेच्या बाईंनी असल्या खुणांवर आख्खं पुस्तक लिहिलं आहे. एका मेळाव्यातल्या सूत्रसंचालकानं ते वाचलेलं नव्हतं. त्यानं माईकवरून सांगितलं, ‘बघा, आपले हे देशी मित्र किती रिलॅक्स आहेत, जांभया देतायत!’ हलणाऱ्या शेपटीवरही भरवसा ठेवू नये. इटलीत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी उजवीकडे अधिक झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. हे वाचल्यापासून मी दोन महिने शांतारामच्या मागून चाललो. त्याची शेपटी गोल वळून पाठीवर बसलेली असते. विज्ञानाला देशी कुत्र्यांची थोडी तरी कल्पना हवी.

गुरगुरल्याबद्दल मात्र कधीही रागावू नये. गुरगुर ही सूचना असते. ती मार देऊन बंद केली तर भीती तशीच राहते, फक्त घंटी काढून टाकलेली असते. आणि तुम्ही ‘ए गप! गप!’ म्हणून ओरडलात तर त्याची समजूत एवढीच होते की मालकही आपल्या बाजूनं भुंकायला लागले.

आता मेळाव्यातला सर्वांत धोकादायक प्राणी. तो पन्नाशीचा असतो, त्याच्या टीशर्टवर पंजाचं चित्र असतं, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गोल्डन रिट्रीव्हर असतो आणि तो हाक मारतो, ‘घाबरू नका, आमचा काही करत नाही!’ त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं की प्रश्न त्याच्या कुत्र्याचा नाहीच. शिवाय कुत्र्यांच्या रीतीप्रमाणे सरळ नाकासमोर चालून येणं उद्धटपणाचं. सभ्य कुत्रा लांबून वळसा घेत, बाजूनं येतो. रिट्रीव्हरला ते माहीत असतं, पट्टा धरणाऱ्याला नसतं. अशा वेळी ‘आमचा जरा घाबरतो हो’ हे वाक्य निकामी ठरतं. त्यावर ‘मग मैत्री करू द्या की’ असं उत्तर येतं. सात मेळाव्यांच्या अनुभवावरून एकच वाक्य चालतं : ‘जवळ आणू नका, ह्याला खरूज आहे.’ माणूस जागच्या जागी वळतो. शांतारामची कातडी उत्तम आहे. पण पश्चिम पुण्यात त्याची वैद्यकीय ख्याती आता फार वाईट आहे.

या मेळाव्यांचं मूळ इंग्लंडात आहे. न्यूकॅसलला १८५९ साली पहिलं रीतसर श्वानप्रदर्शन भरलं. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकारीचे कुत्रे, आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून बंदुका. तिथल्या कुत्र्यांना बंदुकीचा बार म्हणजे कामावर आल्याची घंटा. बाराला न दचकणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या प्रथेत आपण कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली जाणारा उमेदवार उतरवतो आहोत, हे ध्यानात ठेवावं.

आता पँट. म्हात्रे पुलाजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर आमचा चौथा मेळावा होता. स्वागताच्या कमानीला फुगे, नोंदणीसाठी रांग. रांग ही गोष्टच या कुत्र्यांच्या मुळावर येते. पुढे एक, मागे एक, वळसा घ्यायला जागा नाही. तेवढ्यात स्पीकरमधून ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ आणि मागोमाग शिट्टी. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हची गोष्ट मला त्या क्षणी आठवली. लेनिनग्राडला १९२४ च्या सप्टेंबरमध्ये महापूर आला, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यात पाण्यानं वर वर उचलले गेले आणि कसेबसे वाचवले गेले. त्यातल्या काहींचं शिकलेलं सगळं पुसलं गेलं. एक कुत्रा बऱ्याच दिवसांनी सावरला, पण प्रयोगाच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली आणि तो पुन्हा कोसळला. शांतारामच्या आयुष्यात असा कुठला पूर येऊन गेला, हे मला माहीत नाही. कमानीवरचा एक फुगा फुटला, एवढंच माहीत आहे. पुढच्या पॉमेरेनियनपर्यंत पोचता येईना, तेव्हा त्यानं हाताशी असलेली गोष्ट पकडली. ती माझी नडगी होती. यात राग नसतो. उसळलेलं दूध पातेलं निवडत नाही. मी ‘शांताराम! शांताराम!’ म्हणून ओरडलो, तर व्यासपीठावरचे एक प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले.

म्हणून घरीच यू-टर्न घोटवून ठेवावा. ‘चला, वळा’ म्हणायचं, उलट फिरायचं, मागे आला की तुकडा. रोज वीस वेळा, स्वयंपाकघर ते गॅलरी. आमच्याकडे आता कुणीही ‘वळा’ म्हटलं की आईसुद्धा वळते. वळताना पट्टा ताणू नये. कपडे वाळत घालायच्या जुन्या दोरीसारखा मधे झोळ हवा, कारण ताणलेल्या पट्ट्यातून तुमच्या छातीतली धडधड थेट त्याच्या छातीत जाते. बाहेर आल्यावर मूठभर तुकडे गवतात उधळावेत. नाक खाली गेलं, हुंगायला लागला की कुत्रा हळूहळू माणसात येतो. गवत नसेल तर चादर आहे.

नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत. ते चिकनच्या खर्चात धरावेत.

त्या चौथ्या मेळाव्यातून बाहेर आल्यावर शहाळ्याच्या गाडीमागे मी शांतारामला बसवलं. समोर उभ्या टेम्पोच्या आडोशाला एक जर्मन शेफर्ड होता, तोंडाला मुसकं. पलीकडे काचा चार बोटं खाली केलेल्या मोटारीत मघाचाच पॉमेरेनियन. तिघांत चाळीस-चाळीस फूट अंतर, कुणी कुणाला दिसत नव्हतं. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. फॅन्सी ड्रेस सुरू झाला असावा. मोटारीतल्या बाईंनी ओरडून विचारलं, ‘लागलं का हो फार?’

‘नाही, पँट जुनी होती!’

टेम्पोमागून आवाज आला, ‘किती वेळ टिकलात?’

‘अकरा मिनिटं!’

‘वा!’ टेम्पो म्हणाला. ‘आम्ही चार!’

अर्धा तास आम्ही असेच ओरडून गप्पा मारल्या. डॉक्टर कुठला, फटाक्यांच्या दिवसांत काय करता, केर काढायला येणाऱ्या मावशी घाबरतात का. शांताराम शहाळ्याची मलई चाटत होता. आयुष्यात पहिल्यांदा दोन अनोळखी कुत्र्यांच्या वासात तो पाय पसरून पडला होता. निघताना मोटारीची काच आणखी एक बोट खाली झाली.

‘पुढच्या महिन्यात बाणेरला आहे म्हणे! येणार?’

‘येणार की!’ टेम्पो म्हणाला. ‘पार्किंग कसंय?’