मध्यवर्ती

मिरजोळ्यात आमच्याकडे येऊ घातलेल्या पाहुण्याला रत्नागिरीत ‘मध्यवर्ती’ हॉटेल हवं होतं. आता मध्य कुठला? कुणी म्हणतं एसटी स्टँड, कुणी मारुती मंदिर. रेल्वे स्टेशन तर शहराबाहेरच. मध्यवर्ती खोली म्हणजे खिडकीखाली हॉर्न आणि समुद्र भिंतीवरच्या चित्रात. बरं, मांडवी काय नि टिळक आळी काय, रिक्षाने कितीशी लांब!

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली इंग्रजांनी इथं आणून ठेवलं, तेव्हा त्याला कुणी ‘लोकेशन’ विचारलं नव्हतं. समुद्र दिसणारा राजवाडा मिळायला १९१० उजाडलं. मुक्काम हलला तो १९१६ साली, थेट वर.

आमच्या पाहुण्याचा मुक्काम एका रात्रीचा, चौकशी आठवडाभर. शेवटी झोपला आमच्याच पडवीत, फणसाची भाजी हाणून.