शून्याचे देयक

कोकणातील ज्या घराचे कुलूप चाकरमानी गणेशचतुर्थीला उघडतो आणि विसर्जनानंतर पुन्हा लावून मुंबईची वाट धरतो, त्या घरातील विजेचे मीटर उरलेले वर्ष समाधिस्थ योग्याप्रमाणे निश्चल असले, तरी मागील व चालू नोंद तंतोतंत जुळून वापराच्या रकान्यात निर्मळ शून्य उमटलेले देयक दरमहा बिनचूक येते, आणि त्या शून्याशेजारी ‘स्थिर आकार’ नामक रक्कम निर्विकारपणे विराजमान असते. याला जुलूम म्हणण्याची सोय नाही. 2003च्या विद्युत अधिनियमाचे कलम 45 प्रत्यक्ष पुरविलेल्या विजेच्या किमतीखेरीज असा आकार घेण्याची मुभा देते, आणि खांब, तारा, रोहित्रे यांचा खर्च ग्राहकाच्या गैरहजेरीने थांबत नाही, हा युक्तिवादही रास्तच आहे. मात्र आषाढातील वादळात तोच खांब आडवा होऊन सारा गाव कंदिलाच्या उजेडात जेवतो, तेव्हाही या आकाराची स्थिरता तसूभर ढळत नाही. मग मीटरच काढून द्यावे, असा सल्ला कचेरीतील कारकून मोठ्या अदबीने देतो. पुन्हा जोडणी हवी झाल्यास अर्ज, अनामत व जोडणीचा आकार नव्याने भरावा लागेल, एवढी बाब तेवढी तो पुढील भेटीसाठी राखून ठेवतो.